मामाची ट्रंक, पुतण्याचा करार

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस अजून दाराशी पोचायचा होता तेव्हा, माझा पुतण्या संध्याकाळी घरी आला. हॉटेल मॅनेजमेंटची पदविका घेऊन त्याने दोन वर्षे गोव्यात एका हॉटेलात काम केले होते. आता त्याला क्रूझवर नोकरी मिळत होती. मोबाइलमध्ये एकोणीस पानांचा इंग्रजी करार होता. "काका, ह्यां जरा वाचून बघा. सही करूक उद्या सकाळपर्यंतच टाइम आसा," तो म्हणाला. करारासोबत एजंटाचा निरोपही होता: 'प्रोसेसिंग'चे दोन लाख चाळीस हजार रुपये. त्यातले पंचवीस हजार त्याने आधीच भरले होते.

तो गेल्यावर मी माळ्यावरची मामाची पत्र्याची ट्रंक खाली काढली. मामा बावीस वर्षे ब्रिटिश कंपनीच्या प्रवासी बोटींवर डेकवर खलाशी होता. शेवटची काही वर्षे कसब, म्हणजे सामानाचा कोठारी, म्हणून होता. त्याच्या ट्रंकेत चारच महत्त्वाचे कागद आहेत: डिस्चार्ज बुक, लस टोचल्याचे पिवळे पुस्तक, मामीला दरमहा पैसे मिळण्यासाठी सही केलेल्या 'अलॉटमेंट'ची चिठ्ठी, आणि भविष्यनिर्वाह निधीचे एक पत्र. एका बाजूला हे चार कागद आणि दुसऱ्या बाजूला ती एकोणीस पाने ठेवून मी रात्रभर बसलो. हा लेख त्या रात्रीतून सुरू झाला.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. वेंगुर्ल्याकडच्या टपाल खात्यात सव्वीस वर्षे काढली आणि स्वेच्छानिवृत्ती घेतली. बोटीवरच्या माणसांशी माझा संबंध आला तो मनीऑर्डरींमुळे. महिन्याच्या ठरावीक तारखेला ठरावीक बायका खिडकीशी उभ्या राहत. मनीऑर्डर आली नाही तर त्या काही बोलत नसत, दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. बोटीवरच्या नोकरीचे सगळे गणित कागदावर चालते हे मला तेव्हा कळले. पुढे शब्दकोश शेजारी ठेवून जुने कायदे, अहवाल, करारांचे नमुने वाचत गेलो. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

सारंग, टंडेल, भंडारी

आपल्या किनाऱ्यावरची आडनावे पाहिली तरी या व्यवसायाचा पत्ता लागतो. सारंग म्हणजे डेकवरच्या टोळीचा मुकादम, टंडेल त्याच्या हाताखालचा, सुकाणी सुकाणू धरणारा, भंडारी खलाशांचा स्वयंपाकी, टोपास सफाईवाला. हे शब्द ब्रिटिश कंपन्यांनी जसेच्या तसे उचलले आणि आपल्या इंग्रजी नोंदवह्यांत लिहिले. असे सगळे आशियाई खलाशी मिळून 'लास्कर'.

पी अँड ओ कंपनीने १८४२ मध्ये सुएझ ते कलकत्ता अशी बोट सुरू केली आणि १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर मुंबई हे या वाहतुकीचे मोठे बंदर बनले. बोटीवर कामाची वाटणी प्रदेशवार होती. डेकवर रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे लोक, इंजिनखोलीत मुख्यतः पंजाब-सरहद्दीकडचे मुसलमान, आणि सलूनमध्ये, म्हणजे जेवणघर, केबिन आणि स्वयंपाकघरात, गोव्याचे ख्रिस्ती. गोवेकरांना ही कामे मिळण्याची कारणे साधी होती. ते गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही शिजवत व वाढत, आणि युरोपीय जेवणाच्या रीतीशी त्यांचा परिचय होता.

हे गोवेकर मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागात गावागावाच्या 'कुडीं'त राहत. कूड म्हणजे एका गावाच्या लोकांनी चालवलेली खोली: एक वेदी, भिंतीला लावलेल्या ट्रंका आणि झोपायला जमीन. बोट लागेपर्यंत तेथे थांबायचे, परत आल्यावर ट्रंक तेथेच ठेवून गावी जायचे. कोंकणीत अशा माणसाला तारवटी म्हणतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्याही थोड्याफार याच पद्धतीने चालत. परक्या शहरात बोटीची वाट पाहणाऱ्याला कोणी तरी आपले लागते, एवढाच त्यामागचा विचार.

छत्तीस घनफूट

लास्कर आणि युरोपीय खलाशी एकाच बोटीवर असत, पण त्यांचे करार वेगळे. लास्करांच्या कराराला 'एशियाटिक आर्टिकल्स' म्हणत. त्यातला पगार ब्रिटिश खलाशाच्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आसपास, कधी त्याहून कमी असे. १८२३ च्या ब्रिटिश कायद्याने लास्कराला इंग्लंडमध्ये नोकरीतून मोकळे करण्याऐवजी हिंदुस्थानात परत नेण्याची सक्ती केली होती. म्हणजे लंडनला उतरून तिथल्या दराने दुसरी बोट धरायची वाट त्याला बंद.

झोपण्याच्या जागेचाही हिशेब होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय खलाशामागे किमान ७२ घनफूट जागा देणे कायद्याने भाग होते, लास्करामागे ३६. १९०६ मध्ये ब्रिटिश खलाशाचा आकडा १२० वर गेला, लास्कराचा ३६ वरच राहिला. ३६ घनफूट म्हणजे सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी पेटी. वाचकांनी एकदा खोलीत खडूने सहा फूट बाय तीन फूट आखून पाहावे.

भरतीची रीतही अशीच. कंपनी सारंगाला माणसे आणायला सांगे, आणि सारंग व बंदरावरचे दलाल प्रत्येक माणसाकडून पैसे घेत. बोटीवर चढण्यापूर्वीच खलाशी कर्जात असे आणि पहिले काही महिने कर्ज फेडण्यात जात. ही तक्रार केवळ हिंदुस्थानातली नव्हती. १९२० मध्ये इटलीतील जेनोवा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने खलाशांच्या भरतीबद्दल ठराव केला की, नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून कसलेही शुल्क घेऊ नये. त्याला आता शंभर वर्षे उलटून गेली. पुतण्याकडे मागितलेल्या दोन लाख चाळीस हजारांची गोष्ट या तारखेजवळ ठेवून वाचावी.

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच ब्रिटन आणि इतर बंदरांतल्या लास्करांनी संप केले. काहींना तुरुंगवास झाला, पण पगारवाढही मिळाली. त्या युद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मेले. कोकणात युद्धावर गेलेल्या सैनिकांची आठवण काढली जाते, पण टॉर्पेडोने बुडालेल्या मालबोटीतल्या खलाशाची आठवण बहुधा त्याच्या घरापुरतीच राहिली.

पाहुणे वर, माणसे खाली

मामा नोकरीला लागला तेव्हा प्रवासी बोट ही वाहतुकीची सोय होती. माणसे एका देशातून दुसऱ्या देशात जायला तिच्यात बसत. १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची सेवा सुरू झाली आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत हा धंदा जवळजवळ संपला. बोटी मात्र उरल्या. मग त्यांचा उपयोग सहलीसाठी होऊ लागला. जिथून निघायचे तिथेच परत यायचे, मधले दिवस हीच विक्रीची वस्तू. अमेरिकेत मायामीहून १९६६ ते १९७२ या काळात आजच्या तीन मोठ्या क्रूझ कंपन्यांनी सुरुवात केली. जुन्या पी अँड ओचा क्रूझ व्यवसायही २००३ मध्ये त्यांतल्याच एका कंपनीच्या छत्राखाली गेला.

या बदलाने कामगारांचे प्रमाण उलटले. मालबोटीवर वीस-पंचवीस माणसे पुरतात. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीवर निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजावर कमाल सुमारे ७,६०० प्रवासी मावतात आणि त्यांच्यासाठी सुमारे २,३५० कर्मचारी असतात. त्यांतले बहुसंख्य वेटर, केबिन सांभाळणारे, स्वयंपाकी, भांडी घासणारे, कपडे धुणारे. दर्यावर्दी म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते मूठभर. म्हणजे गोव्याच्या सलूनवाल्यांचे काम वाढले आणि मामाचे डेकवरचे काम कमी झाले. आमच्याकडची मुले हॉटेलचे शिक्षण घेऊन बोटीवर जातात ती यामुळे.

पाहुण्यांना न दिसणारे एक गाव पाण्याच्या पातळीजवळच्या मजल्यांवर असते. जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा एक रुंद बोळ त्याचा हमरस्ता. अमेरिकन कंपन्यांत त्याला तिथल्या महामार्गाच्या नावावरून 'आय-९५' म्हणतात, जुन्या ब्रिटिश बोटींवर 'बर्मा रोड' म्हणत. मामाही बर्मा रोडच म्हणायचा, आणि लहानपणी आम्हांला वाटायचे की तो बोटीने ब्रह्मदेशात जातो.

झेंडा कोणाचा

पुतण्याच्या करारात सर्वांत आधी मी जहाजाच्या नोंदणीचा देश शोधला. तो तेराव्या पानावर मिळाला: बहामा. कंपनीचे कार्यालय अमेरिकेत, प्रवासी अमेरिकन, कामगार भारत, फिलिपीन्स, इंडोनेशियाचे आणि झेंडा बहामाचा. समुद्रावर जहाज ज्या देशाचा झेंडा लावते त्या देशाचा कायदा त्यावर चालतो. पगार, कामाचे तास, सुरक्षा, गुन्हा, सगळ्याची सुरुवात तिथून होते.

याची सुरुवात मजेशीर आहे. १९२० नंतर अमेरिकेत दारूबंदी होती आणि अमेरिकन झेंड्याच्या बोटीवर दारू देता येईना. तेव्हा १९२२ मध्ये 'रिलायन्स' आणि 'रिझोल्यूट' या दोन प्रवासी बोटींची नोंदणी पनामात हलवली गेली. दारूसाठी सापडलेली वाट पुढे कर आणि मजुरीसाठी उपयोगी पडली. आज क्रूझ जहाजांवर बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा यांचे झेंडे सर्रास दिसतात.

ब्रिटिश झेंडा असला म्हणजे सगळे बरोबरीने चालते असेही नाही. ब्रिटनमध्ये २०१० चा समानता कायदा आला, पण जहाजांसाठीच्या २०११ च्या नियमांनी ब्रिटनबाहेर भरती झालेल्या, ब्रिटन-युरोपचे नागरिक नसलेल्या खलाशांना वेगळा पगार देण्याची मुभा ठेवली. एशियाटिक आर्टिकल्स हे नाव गेले, त्यामागची कल्पना पुरती गेली नाही.

मग संरक्षण कसले? ते देते 'सागरी कामगार करार, २००६', ज्याला बोटीवरची मुले एमएलसी म्हणतात. हा आंतरराष्ट्रीय करार २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आला आणि भारताने ९ ऑक्टोबर २०१५ रोजी त्याला मान्यता दिली. त्यातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे खलाशी कोणाला म्हणायचे याची व्याख्या. जहाजावर कोणत्याही हुद्द्यावर काम करणारा माणूस खलाशी. केबिन झाडणारा आणि कपबशी धुणाराही त्यात आला. पण हा करार व्यापारासाठी चालणाऱ्या जहाजांना लागू होतो. एखाद्या धनिकाची केवळ स्वतःच्या मौजेसाठीची यॉट, जी भाड्याने दिली जात नाही, ती त्यात येत नाही. यॉटवर नोकरी धरणाऱ्याने हा प्रश्न पहिल्यांदा विचारावा.

एकोणीस पाने

आता त्या करारातल्या कलमांकडे वळू. येथे मी माझ्या पुतण्याला समजावले तसेच सांगतो.

पहिले, पैसे कोणी कोणाला द्यायचे. एमएलसीप्रमाणे नोकरी मिळवण्यासाठी खलाशाने फक्त तीन गोष्टींचा खर्च करायचा असतो: कायद्याने लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र, खलाशाचे ओळखपुस्तक म्हणजे आपले सीडीसी, आणि पासपोर्ट. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. सुरक्षेचे एसटीसीडब्ल्यू प्रशिक्षण मुलगा स्वतः घेतो, त्याची फी तो प्रशिक्षण संस्थेला देतो, एजंटाला नव्हे. भारतात खलाशांची भरती करणाऱ्या कंपनीला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याला आरपीएसएल म्हणतात. हे कार्यालय मुंबईत कांजूरमार्गला आहे आणि परवानाधारकांची यादी त्याच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. एजंटाने दिलेला परवाना क्रमांक आम्ही त्या रात्री तपासला. क्रमांक खरा होता, पण नाव दुसऱ्याच कंपनीचे होते.

दुसरे, कामाचे तास. करारात लिहिले होते की विश्रांतीचे तास एमएलसीप्रमाणे मिळतील. वाचायला चांगले वाटते. पण एमएलसीत दोन मापे आहेत आणि झेंड्याचा देश त्यांतले एक निवडतो. एक माप कामाचे: दिवसाला जास्तीत जास्त १४ तास, आठवड्याला ७२. दुसरे माप विश्रांतीचे: दिवसाला किमान १० तास, आठवड्याला ७७. आठवड्याचे तास १६८. त्यातून ७७ वजा केले की ९१ उरतात. म्हणजे विश्रांतीचे माप असेल तर आठवड्याला ९१ तास काम नियमात बसते, रोजचे तेरा तास, सुटीविना. विश्रांती दोन तुकड्यांत मोडता येते, त्यातला एक तुकडा मात्र सलग सहा तासांचा हवा. क्रूझवरचा वेटर सकाळची न्याहारी, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण वाढतो आणि मधल्या वेळेत झोपतो, त्याचे कारण हे.

तिसरे, पगार. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पातळीवर डेकवरच्या कुशल खलाशासाठी किमान मूळ वेतनाचा आकडा ठरतो. २०२५ साठी तो महिना ६७३ डॉलर आहे, २०२६ साठी ६९०. तो आठवड्याला ४८ तासांसाठी आहे, जादा तासांचे पैसे वेगळे. पण ही एका हुद्द्यापुरती शिफारस आहे, वेटरला ती आपोआप लागू होत नाही. वेटर आणि केबिनवाल्यांच्या मिळकतीत प्रवाशांकडून रोज कापल्या जाणाऱ्या सेवाशुल्काचा मोठा वाटा असतो. म्हणून करारात 'हमीची रक्कम' किती आणि मूळ पगार किती हे वेगवेगळे पाहावे. आजारपणातले वेतन, रजेचे पैसे यांचा हिशेब कोणत्या आकड्यावर होणार, हे त्यावर ठरते. भरपगारी रजा नोकरीच्या दर महिन्याला किमान अडीच दिवस मिळते. आठ महिन्यांच्या करारावर वीस दिवस. त्यानंतर पुढचा करार येईपर्यंत घरी बसण्याचे दिवस आपल्या खर्चाने.

चौथे, आजार आणि परतीचा प्रवास. करार संपल्यावर किंवा आजारी पडल्यावर घरी पोचवण्याचा खर्च मालकाचा. बोटीवर झालेल्या आजाराचा किंवा दुखापतीचा खर्च मालकाने करायचा, पण झेंड्याचा देश त्याला मुदत घालू शकतो. ही मुदत सोळा आठवड्यांपेक्षा कमी नसावी एवढे बंधन आहे. म्हणून बोटीवरच्या डॉक्टराने लिहून दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत जवळ ठेवावी. पाठ धरली, मनगट सुजले, तर ते तिथल्या नोंदीत यायला हवे. घरी आल्यावर सांगितलेल्या दुखण्याला पुरावा लागतो.

पाचवे, मालकच पळाला तर. दोन महिन्यांचा पगार थकला, अन्नपाणी मिळेनासे झाले किंवा परतीचा खर्च दिला नाही, तर एमएलसीच्या भाषेत त्या खलाशाला वाऱ्यावर सोडले असे धरतात. १८ जानेवारी २०१७ पासून मालकाला अशा प्रसंगासाठी विमा किंवा तशी आर्थिक हमी ठेवावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल असे लावावे लागते. बोटीवर चढल्यावर त्या कागदाचा फोटो काढून घरी पाठवावा, असे मी पुतण्याला सांगितले.

घरी परतल्यावर

ट्रंकेतला मामाचा चौथा कागद मला नेहमी अडवतो. १९६६ च्या कायद्याने भारतीय खलाशांसाठी भविष्यनिर्वाह निधी उभा राहिला. त्यातून निवृत्तीला एकरकमी पैसे मिळत, मासिक पेन्शन नव्हे. मामाला मिळालेल्या पैशांतून घराला कौले घातली, एका मुलीचे लग्न झाले आणि तीन वर्षांत रक्कम संपली. पुढची अठरा वर्षे तो मुलांच्या घरी जेवला. डिस्चार्ज बुकात प्रत्येक सफरीपुढे 'व्हेरी गुड' असा शिक्का आहे. त्या शिक्क्यांची पाने मी मोजली, त्रेचाळीस आहेत.

आजच्या क्रूझवाल्याची स्थिती पेन्शनच्या बाबतीत फारशी वेगळी नाही. करार आठ महिन्यांचा, तो संपला की मालक-नोकर हे नाते संपले. गोवा सरकारने २०१२ पासून निवृत्त तारवटींसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी मासिक मदतीची योजना आणली. आमच्या बाजूला तेही नाही. म्हणून म्हातारपणाची सोय पहिल्या पगारापासून स्वतःच करायची. राष्ट्रीय पेन्शन योजनेत अनिवासी भारतीयालाही खाते काढता येते.

कराबद्दल मुलांत एक गैरसमज आहे, की बोटीचा पगार म्हटला की कर नाहीच. खरी गोष्ट दिवसांची आहे. आर्थिक वर्षात भारतातले वास्तव्य १८२ दिवसांपेक्षा कमी असेल तर परदेशी जहाजावरच्या नोकरीला गेलेला माणूस अनिवासी ठरतो. आता समजा मुलगा १ डिसेंबरला बोटीवर चढला आणि ३१ जुलैला उतरला. आठ महिने तो बाहेर होता. पण मार्चअखेर आर्थिक वर्ष संपते. पहिल्या वर्षात बाहेर १२१ दिवस, दुसऱ्या वर्षात १२२. त्या दोन्ही वर्षांतले बाकीचे दिवस तो घरी असेल तर दोन्ही वर्षी तो निवासीच ठरतो. तोच करार मे ते डिसेंबर असता तर हिशेब वेगळा झाला असता. चढल्या-उतरल्याच्या तारखा सीडीसीत असतात, त्या जपाव्यात.

बंदर मिळेना

कागद नीट असला तरी समुद्र समुद्र असतो. १३ जानेवारी २०१२ रोजी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळून कलंडले. ३२ माणसे दगावली. त्यांतला सर्वांत शेवटी सापडलेला माणूस भारतीय वेटर होता. जहाजाचा सांगाडा जेनोवाला ओढून नेल्यावर, नोव्हेंबर २०१४ मध्ये, त्याचे अवशेष मिळाले. घरच्यांनी जवळजवळ तीन वर्षे वाट पाहिली. वेटरलाही प्रवाशांना होडीपर्यंत नेण्याचे काम नेमून दिलेले असते, हे क्रूझच्या जाहिरातीत दिसत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' अडकले. ३,७११ माणसांपैकी १,०४५ कर्मचारी होते आणि त्यांत १३२ भारतीय. प्रवासी आपापल्या केबिनमध्ये बंद राहिले. कर्मचारी मात्र एका केबिनमध्ये दोघे-तिघे झोपत आणि दारोदार जेवण पोचवत राहिले. ७१२ जणांना लागण झाली, त्यांत १४५ कर्मचारी होते. एप्रिलमध्ये मुंबईच्या किनाऱ्याजवळ आलेल्या जहाजांवरची आपलीच मुले डोळ्यांना शहर दिसत असून उतरू शकत नव्हती. आमच्या गावातली तीन घरे तेव्हा रोज संध्याकाळी फोनभोवती बसत. मला टपालाची खिडकी आठवे.

पुतण्याने त्या एजंटाला नाही म्हणून सांगितले. पंचवीस हजार परत आले नाहीत. मी महासंचालनालयाला ईमेलने तक्रार केली, पोलिसांतही अर्ज दिला. त्याचे पुढे काय होईल ते होईल. घरात दोन महिने अबोला होता, कारण माझ्या भावाला वाटत होते की मी मुलाची चालून आलेली नोकरी घालवली. "तू आमकां कायदो शिकवलंस, पॉट कोण भरतलो?" असे तो एकदा बोलला. त्याला उत्तर देता आले नाही. कागद वाचणाऱ्याला उशीर होतो, ही गोष्ट खरी आहे, आणि गरजू माणसाला उशीर परवडत नाही, हीही. दलाल जगतात ते याच दोन सत्यांच्या मधल्या फटीत.

नोव्हेंबरमध्ये एका परवानाधारक कंपनीच्या मुलाखतीत तो निवडला गेला. हुद्दा एक पायरी खालचा मिळाला, असिस्टंट वेटर. एजंटाला एक रुपयाही द्यावा लागला नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी तो मामाची ट्रंक बघायला आला. मी त्याला प्लॅस्टिकची एक फाइल दिली आणि तिच्यात काय काय ठेवायचे ते सांगितले: सही केलेल्या कराराची पूर्ण प्रत, दर महिन्याची पगाराची पावती, डॉक्टराचे कागद, सीडीसीच्या प्रत्येक पानाची प्रत. "काका, हल्ली सगळां मोबाइलात ऱ्हवता," तो हसून म्हणाला. पण फाइल घेऊन गेला.

मामा म्हणायचा, "कामाचो कंटाळो कधी इलो नाय रे, कागदाचो भियेव वाटायचो." तो चौथी शिकलेला होता आणि आर्टिकल्सवर अंगठा न लावता सही करत असे, पण सही कशावर करतो ते त्याला कोणी वाचून दाखवले नव्हते. यंदा दिवाळीत पुतण्या दुसऱ्या करारावर आहे. नव्या करारावर सही करण्याआधी त्याने पाने पाठवली होती. या वेळी सतरा होती. सोबत त्याने स्वतःच लिहिले होते: झेंडा माल्टाचा, विश्रांतीचे माप नवव्या पानावर, आजारपणाचे कलम अकराव्यावर, तेवढे एकदा बघा. मी ते बघितले. त्याने बरोबर वाचले होते.